न खेळण्याचा पगार

२०१५ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या आरंभी, अमेरिकेतील फीनिक्स शहराच्या महिला बास्केटबॉल संघाची अग्रगण्य खेळाडू डायना टॉरासी हिने असे जाहीर केले की, येत्या उन्हाळ्याच्या हंगामात आपण संघाकडून खेळणार नाही. आदल्याच वर्षी या संघाने साखळीतील ३४ पैकी २९ सामने जिंकून व्यावसायिक महिला लीगचे अजिंक्यपद मिळविले होते, आणि अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान टॉरासीलाच लाभला होता. संघाशी तिचे वैर नव्हते, निवृत्तीचाही विचार नव्हता. हिवाळ्यात ती रशियातील येकातेरिनबुर्ग येथील ज्या क्लबकडून खेळत असे, त्या क्लबने तिला सुचविले होते की, या उन्हाळ्यात तू विश्रांती घ्यावीस. तुझा फीनिक्सचा जो पगार बुडेल तो आम्ही भरून देऊ. फीनिक्सचा तो पगार होता वर्षाला सुमारे १,०७,००० डॉलर. लीगच्या नियमांनुसार कोणाही खेळाडूला देता येणारी ती जवळजवळ कमाल रक्कम होती. रशियन क्लब तिला देत असलेला मोबदला, त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्याप्रमाणे, १५ लाख डॉलरच्या घरात होता.

आपल्या कलेतील एका सर्वश्रेष्ठ व्यक्तीला तिच्या स्वत:च्या देशात काम न करण्याबद्दल परदेशी मालक पगार देतो, ही घटना क्रीडापृष्ठावरील एक चमत्कारिक वार्ता म्हणून वाचली गेली व विसरलीही गेली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र ती सहजासहजी विसरता येऊ नये. मजुरी कशी ठरते, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकातील उत्तर असे की, श्रमिक जेवढी भर उत्पादनात घालतो तेवढी त्याची मजुरी. एकच स्त्री, एकच खेळ, तेच दोन हात. आणि दोन देशांतील मोबदल्यांचे प्रमाण एकास चौदा! सिद्धांत खोटा म्हणावा तर तसेही नाही. परंतु तो ज्या गृहीतकांवर उभा आहे ती गृहीतके टॉरासीच्या कारकीर्दीत जवळजवळ कोठेच आढळत नाहीत. म्हणून ही कारकीर्द जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे.

टॉरासीचा जन्म ११ जून १९८२ रोजी कॅलिफोर्नियात झाला. वडील इटलीत जन्मलेले व अर्जेंटिनात वाढलेले. तरुणपणी ते फुटबॉलचे गोलरक्षक होते. आई अर्जेंटिनाची. घरात स्पॅनिश बोलली जाई. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस असलेल्या चिनो या गावी तिचे बालपण गेले, आणि २००० साली ती देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कनेक्टिकट विद्यापीठात दाखल झाली. तेथील प्रशिक्षक जीनो ऑरिएमा हेही इटलीतून लहानपणी अमेरिकेत आलेले. अमेरिकेत शिक्षणक्षेत्रातील स्त्री-पुरुष भेदभावास बंदी करणारा कायदा १९७२ साली झाला, आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांवरही पैसा खर्च करणे भाग पडले. टॉरासीची पिढी ही त्या कायद्याचे पीक होय. २००२ साली तिच्या संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. त्या संघातील चार प्रमुख मुली पदवी घेऊन निघून गेल्या, तरी उरलेल्या संघाला घेऊन तिने २००३ व २००४ अशी आणखी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. प्रेक्षागारे भरत होती, दूरचित्रवाणीवर सामने दाखविले जात होते, प्रशिक्षकांना भरघोस वेतन होते. खेळाडूला मात्र शिक्षण, भोजन व निवास यांपलीकडे काही घेण्यास मनाई होती, कारण नियमाप्रमाणे ती 'हौशी' होती. विद्यार्थी-खेळाडूंना स्वत:च्या नावावर पैसा मिळविण्याची मुभा अमेरिकेत २०२१ साली मिळाली. 'हौस' हा शब्द कोणी कोणासाठी वापरतो, हे नेहमीच तपासून पाहावे.

एप्रिल २००४ मध्ये फीनिक्स संघाने नवोदित खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच क्रमांकाने तिला घेतले. पहिल्या वर्षाचा पगार सुमारे ४०,००० डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडला गेलेला अठरा वर्षांचा मुलगा थेट शाळेतून आलेला होता, आणि त्याचा पगार काही दशलक्ष डॉलर होता. त्या उन्हाळ्यात टॉरासी लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरली आणि मध्यंतरी अथेन्सला जाऊन तिने ऑलिंपिक सुवर्णपदकही मिळविले.

येथे एक तांत्रिक वाटणारी, पण निर्णायक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बास्केटबॉल हा तेथे हिवाळ्याचा खेळ आहे. असे असता महिलांची लीग उन्हाळ्यात का भरते? ही लीग १९९६ साली स्थापन झाली आणि जून १९९७ मध्ये आठ संघांनिशी तिचे सामने सुरू झाले. तिचे जनक म्हणजे पुरुषांच्या लीगचे मालक. त्यांची मोठमोठी प्रेक्षागारे उन्हाळ्यात रिकामी पडत. भांडवल गुंतलेले आहे, दिवे-पंखे बंद आहेत. अशा वेळी थोड्या खर्चात त्या वास्तूंचा उपयोग करून घ्यावा, हा विचार व्यापारी दृष्टीने अगदी बिनचूक होता. शाळेची इमारत दुपारनंतर शिकवणीवर्गाला भाड्याने देणाऱ्या संस्थाचालकाला तो चटकन पटेल. परंतु याचा परिणाम असा झाला की, महिला खेळाडूंचा हंगाम चार-पाच महिन्यांत आटोपू लागला आणि युरोपातील हिवाळी हंगाम त्यांना मोकळा राहिला. पगार अपुरा आणि वर्षातील सात महिने रिकामे, म्हटल्यावर पुढचे सांगायला नको. बहुसंख्य नामवंत खेळाडू इटली, तुर्कस्तान, चीन, रशिया अशा देशांत जाऊ लागल्या. बारमाही राबणूक ही या व्यवसायाची रीतच होऊन बसली.

टॉरासी मॉस्कोला गेली. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे तेथील स्पार्टाक संघ युरोपातील क्लबांचा विजेता ठरला, आणि या चारही विजयांत ती होती. या संघाचा धनी शाब्ताई कालमानोविच हा मोठा विलक्षण मनुष्य. मूळचा लिथुआनियाचा, सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल इस्रायलमध्ये तुरुंगवास भोगलेला, पुढे मॉस्कोत धनाढ्य झालेला. टॉरासीला व तिची कॉलेजातील सहकारी स्यू बर्ड हिला त्याने राहायला मोठे घर दिले, मोटारी दिल्या, आणि अमेरिकेत कधी न मिळालेला पैसा दिला. २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोच्या रस्त्यावर, मोटारीत बसलेला असताना, त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले.

अशा गोष्टी वाचल्यावर 'रशियात स्त्रीखेळाडूंची कदर होते, अमेरिकेत होत नाही' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मॉस्कोतील वा येकातेरिनबुर्गमधील प्रेक्षकांनी तिकिटे काढून हा पैसा जमविलेला नव्हता. येकातेरिनबुर्गचा क्लब ज्या कंपनीच्या नावाने चाले, ती उरल पर्वतातील खाणींतून तांबे काढणारी प्रचंड कंपनी. टॉरासीचा पगार तांब्याच्या नफ्यातून येत होता. मालकाची हौस, शहराची प्रतिष्ठा, सरकारदरबारी वजन अशा नाना हेतूंनी तो दिला जाई. आपल्याकडे याला राजाश्रय म्हणतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना जो आश्रय दिला त्यामागे कुस्तीचे खरे प्रेम होते व प्रजाहिताची दृष्टी होती, त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. पण अर्थव्यवहाराची जात एकच. आश्रय उदार असतो; मात्र त्याला नियमावली नसते, आणि तो आश्रयदात्याच्या आयुष्याएवढाच टिकतो.

आश्रिताचे स्थान किती नाजूक असते याचा अनुभव टॉरासीला लवकरच आला. २०१० मध्ये ती इस्तंबूलच्या फेनरबाहचे संघाकडे गेली. त्या हिवाळ्यात उत्तेजक-तपासणीत ती दोषी असल्याचा अहवाल अंकाराच्या प्रयोगशाळेने दिला. क्लबने तिच्याशी असलेला करार रद्द केला. जगभर बदनामी झाली. पुढे फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आपला अहवाल मागे घेतला आणि टॉरासी निर्दोष ठरली. मधल्या आठवड्यांची भरपाई कोणी व कशी करावयाची?

आता २०१५ च्या निर्णयाकडे पुन्हा वळू. कचेरीत जमाखर्च लिहिणाऱ्या वाचकाला 'घसारा' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. यंत्र वापरले की झिजते. त्या झिजेची रक्कम दरवर्षी नफ्यातून बाजूला काढली नाही, तर नफा आहे असे वाटता वाटता एक दिवस कारखाना बंद पडतो. खेळाडूची गंमत अशी की, श्रमिक आणि यंत्र एकाच देहात असतात. टॉरासीचे गुडघे, घोटे, पाठ ही यंत्रसामग्री, आणि तिचा वापर करणारे मालक दोन: एक उन्हाळ्याचा, दुसरा हिवाळ्याचा. २०१२ साली दुखापतींमुळे तिचा फीनिक्सचा बहुतेक हंगाम वाया गेला होता. तेव्हा रशियन क्लबचा हिशेब सरळ होता. आपण १५ लाखांचे यंत्र वापरतो, आणि ते दुसरा कोणी एका लाखाच्या भाड्याने उन्हाळाभर झिजवतो. ते एक लाख आपणच भरून यंत्राला विसावा द्यावा, यात आपलाच लाभ आहे. ज्या मालकाने जास्त मोल दिले, त्यालाच झीज दिसली. फीनिक्सला ती दिसत नव्हती असे नाही, पण लीगच्या नियमांनी त्याचे हात बांधलेले होते. संघमालकाची इच्छा असती तरी ठरलेल्या कमाल मर्यादेवर एक डॉलर अधिक देण्याची सोय नव्हती.

ही कमाल मर्यादा म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. डझनभर संघ एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून मैदानावर उतरतात. परंतु खेळाडूचे श्रम विकत घेताना ते एकत्र बसून भाव ठरवितात. विक्रेते अनेक आणि खरेदीदार प्रत्यक्षात एकच, अशा बाजारात मजुरी श्रमाच्या मोलापेक्षा खाली राहते, हे जोन रॉबिन्सन या विदुषीने १९३३ साली दाखवून दिले. माझे विद्यार्थी हा भाग परीक्षेपुरता पाठ करतात आणि उदाहरण म्हणून एखाद्या खेड्यातील एकुलत्या एका साखर कारखान्याचे नाव लिहितात. उदाहरण चुकीचे नाही. पण खरेदीदारांत चढाओढ लागली की काय होते हेही त्यांनी पाहावे. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिच्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला क्रिकेट लीगच्या पहिल्याच लिलावात ३ कोटी ४० लाख रुपयांची बोली लागली. तेथेही प्रत्येक संघाच्या एकूण खर्चाला १२ कोटींची मर्यादा होती. एका खेळाडूच्या भावाला मात्र वेगळी मर्यादा नव्हती. टॉरासीच्या नावाचा असा लिलाव तिच्या देशात कधीच पुकारला गेला नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. महिलांचे सामने पाहणारे थोडे, म्हणून उत्पन्न थोडे, म्हणून पगार थोडा. पुरुषांशी तुलना कशाला? लीगला दरवर्षी सरासरी १ कोटी डॉलर तोटा होतो, असे पुरुषांच्या लीगच्या प्रमुखांनी २०१८ मध्ये सांगितले होते. पण पुरुषांच्या लीगमध्ये करारान्वये खेळापासूनच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. महिलांच्या लीगमध्ये हा वाटा वर्षानुवर्षे त्याहून पुष्कळच कमी राहिला. म्हणजे वाद केवळ रकमेचा नाही, प्रमाणाचा आहे. शिवाय ज्या धंद्यात कायम तोटाच आहे, त्यात शिरण्यासाठी कोणी दाम मोजीत नाही. जून २०२५ मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट व फिलाडेल्फिया या तीन शहरांना या लीगमध्ये नवे संघ मंजूर झाले. प्रत्येक संघाच्या प्रवेशाचे शुल्क होते २५ कोटी डॉलर. हंगामाच्या ताळेबंदात तोटा दिसत असताना मालमत्तेचे मोल वाढत होते, आणि मालमत्तेत खेळाडूंची भागी नव्हती.

'पाहणारे थोडे' हेही स्वयंसिद्ध सत्य मानण्याचे कारण नाही. पुरुषांची लीग १९४६ साली जन्मली. तिच्या १९८० सालच्या अंतिम फेरीतील निर्णायक सामना अमेरिकेतील बहुतेक शहरांत प्रत्यक्ष दाखविण्याऐवजी रात्री उशिरा मुद्रित स्वरूपात दाखविला गेला. चौतीस वर्षांनंतरही तिची किंमत एवढीच होती. तिला कोणी 'हा धंदा चालणारा नाही' असे म्हणून टाकून दिले नाही. नव्या उद्योगाला पायावर उभे राहीपर्यंत आधार द्यावा लागतो, जुन्या उद्योगांच्या मापाने त्याला मोजू नये, हे न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावरील व्याख्यानात आवर्जून मांडले होते. त्यांच्यासमोर या देशातील बुडालेले उद्योग होते, हे खरे. तर्क मात्र येथेही लागू पडतो.

बारमाही राबणुकीची सर्वांत भारी किंमत मोजावी लागली ती टॉरासीच्या सहकारिणीला. ब्रिटनी ग्राइनर ही फीनिक्समध्येही तिच्याबरोबर खेळे आणि येकातेरिनबुर्गमध्येही. टॉरासीने २०१७ मध्ये रशिया सोडला; ग्राइनर जात राहिली. २०२२ मधील तिचा अमेरिकेतील पगार सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास होता. रशियातील दहा लाखांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाला आठवडा उरला असता, मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या आणि तिला अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा दिली. ८ डिसेंबरला शस्त्रास्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली. ती तेथे गेलीच कशाला, असे पुष्कळांनी विचारले. कारकून संध्याकाळी दुसरीकडे हिशेब लिहायला का जातो, शिक्षक सुट्टीत शिकवण्या का घेतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रश्न पडू नये.

लीगने दरम्यानच्या काळात काही हालचाल केली होती. जानेवारी २०२० च्या करारात कमाल पगार २,१५,००० डॉलर करण्यात आला. टॉरासीचा २०१५ चा निर्णय व तिच्यासारख्या इतरांचे परदेशगमन यांचा धाक त्यामागे होता, असे मला वाटते. मात्र त्याच कराराने अशीही अट घातली की, २०२३ पासून परदेशातील हंगामामुळे उशिरा येणाऱ्या खेळाडूला दंड होईल आणि पुढे तर त्या वर्षी खेळताच येणार नाही. म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याच्या वाटेवर अडसर घालण्यात आला. दुप्पट पगार देऊनही मालकांना हा सौदा महाग पडला असेल, असे दिसत नाही.

टॉरासीची तऱ्हा सौम्य, गोड खेळाडूची कधीच नव्हती. पंचांशी हुज्जत घालणे, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे हा तिचा स्वभाव. बेशिस्त वर्तनाबद्दल दिल्या जाणाऱ्या दंडांचा लीगमधील उच्चांकही तिच्याच नावावर आहे. आखलेल्या रेषेबाहेरून मारलेली आणि तीन गुण मिळवून देणारी लांब फेक हे तिचे खास शस्त्र. अशा १,४४७ फेकी तिने यशस्वी केल्या. जून २०१७ मध्ये ती लीगच्या इतिहासातील सर्वाधिक गुण मिळविणारी खेळाडू ठरली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, एकाच सामन्यात ४२ गुण करून तिने दहा हजारांचा टप्पा ओलांडला. तिच्याआधी तेथवर कोणीच पोचले नव्हते. एकंदर गुण १०,६४६. सहा ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णपदके, हेही बास्केटबॉलमध्ये पुरुष वा स्त्री कोणालाच पूर्वी साधले नव्हते. सहावे पदक ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला मिळाले. यजमान फ्रान्सविरुद्धचा तो अंतिम सामना अमेरिकेने ६७-६६ असा अवघ्या एका गुणाने जिंकला आणि टॉरासी तो बाकावर बसून पाहत होती.

२०२४ हाच तिचा लीगमधील शेवटचा हंगाम. केटलिन क्लार्क या नवोदित खेळाडूमुळे त्या वर्षी प्रेक्षागारे दुथडी भरून वाहू लागली होती; पहिल्या वर्षाचा तिचा पगार होता ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी लीगने सर्व संघांच्या प्रवासासाठी संपूर्ण हंगामभर खास विमानांची सोय प्रथमच केली. तोवर सहा फूट उंचीच्या, दुखऱ्या पाठीच्या या स्त्रीने आपली बहुतेक कारकीर्द सर्वसामान्य उतारूंच्या विमानांतून, रांगेत उभे राहून, सामन्यामागून सामने गाठण्यात घालविली होती. त्याच वर्षी दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचा नवा करारही झाला: अकरा वर्षांचा, वर्षाकाठी सुमारे २० कोटी डॉलरचा. ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या संघटनेने जुना वेतनकरार मुदतीपूर्वी संपविण्याची नोटीस दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॉरासीने निवृत्ती जाहीर केली. प्रक्षेपणाच्या नव्या कराराचे पैसे २०२६ च्या हंगामापासून यावयाचे होते.